नांव आणि मोहोर

संगणकाचा एखादा कार्यक्रम एका यंत्रावर उत्तम चालतो; तोच दुसऱ्या यंत्रावर नेला असतां अडखळतो. कारण, त्यास लागणाऱ्या फायली तेथें नसतात, किंवा असल्या तरी निराळ्या आवृत्तीच्या असतात. ही अडचण टाळण्याकरितां कार्यक्रम व त्याचें सर्व साहित्य एकत्र बांधून पाठविण्याची रीत पडली आहे. ह्या गांठोड्यास ‘इमेज’ म्हणतात; तें यंत्रावर चालूं केलें म्हणजे त्यास ‘कंटेनर’ म्हणतात; आणि अशीं गांठोडीं ज्या कोठारांत ठेवितात तें ‘रजिस्ट्री’ होय. इ. स. २०१३ मध्यें निघालेल्या डॉकर ह्या साधनामुळें ही रीत सर्वत्र पसरली. पुढें २०१५ मध्यें ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन होऊन तिनें इमेजचे नियम २०१७ मध्यें व कोठाराशीं व्यवहार करण्याचे नियम २०२१ मध्यें कायम केले.

इमेजमध्यें फायलींचे थर एकावर एक रचिलेले असतात. कोणते थर कोणत्या क्रमानें आहेत याची जी यादी तिच्यासोबत असते, तीस ‘मॅनिफेस्ट’ म्हणतात. प्रत्येक थरावरून ‘शा-२५६’ नांवाच्या गणितानें ६४ अंकाक्षरांची एक खूण काढितात. ह्या खुणा मॅनिफेस्टमध्यें लिहितात, आणि त्या मॅनिफेस्टचीही तशीच खूण काढितात. हिला ‘डायजेस्ट’ म्हणतात. आम्ही तीस मोहोर म्हणूं. आंतील एका फायलींतील एक अक्षर बदललें तरी थराची खूण बदलते, आणि म्हणून सबंध इमेजची मोहोरही बदलते.

परंतु लोक इमेज मागतात ती बहुधा मोहोरेनें नव्हे, तर ‘टॅग’ म्हणजे नांवानें. नांव ही बरणीवर डकविलेली चिठ्ठी होय. आज एका बरणीवर असलेली चिठ्ठी उद्यां दुसरीवर लाविली तर कोण अडविणार? ‘लेटेस्ट’ हा टॅगही असाच; तो ज्या इमेजवर आहे ती सर्वांत नवी असेलच असें नाहीं. समजा, एखाद्या रुग्णालयानें औषधांची नोंद ठेवणारा कार्यक्रम सोमवारीं तपासून घेतला, आणि मंगळवारीं कोणीं तो टॅग दुसऱ्या इमेजवर लाविला, तर बुधवारीं त्याच नांवानें न तपासलेला कार्यक्रम यंत्रावर येईल. मोहोर सांगून मागितल्यास असें होणार नाहीं.

हीं कामें करणाऱ्या प्रोग्रामरांकरितां ‘गो-कंटेनररजिस्ट्री’ नांवाची एक लायब्ररी आहे. येथें लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. इतर कार्यक्रमांनीं वापरावा असा तयार कार्यभाग, असा अर्थ घ्यावयाचा. ती गूगल कंपनीच्या नांवें प्रसिद्ध असून ‘गो’ भाषेंत लिहिलेली व सर्वांस खुली आहे. यंत्रावर डॉकर चालूं नसलें तरी ती कोठाराशीं थेट बोलते. मोहोर विचारावयाची असेल तर सबंध गांठोडें उतरवून घेत नाहीं. इमेज एका कोठारांतून दुसऱ्यांत नेतांना जे थर तेथें आधींच आहेत ते पुनः पाठवीत नाहीं. शिवाय, इमेजमध्यें फेरफार करावयाचा झाल्यास ती जुन्या इमेजला हात न लावितां नवी इमेज बनविते, आणि नवीची मोहोर अर्थातच निराळी असते. तिच्यासोबत ‘क्रेन’ नांवाचें एक साधनही मिळतें. ‘क्रेन डायजेस्ट’ असें लिहून पुढें इमेजचें नांव दिलें कीं मोहोर दिसते.

तथापि एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. वस्तु तीच आहे एवढेंच मोहोर सांगते; ती चांगली आहे कीं नाहीं, हें सांगत नाहीं. वाईट कार्यक्रमाचीही मोहोर तितकीच अचूक असते. म्हणून आधीं परीक्षा, मग मोहोर, आणि सर्वांत शेवटीं नांव, हा क्रम ठेवावा. जो केवळ नांवावर विसंबतो त्याची परीक्षा दुसऱ्याच वस्तूची झालेली असते.