मध्यरक्षकाची कारकीर्द : खालिद जमील यांची वाटचाल आणि लखनौपुढील प्रश्न

लखनौ येथील के. डी. सिंग 'बाबू' स्टेडियममध्ये २ सप्टेंबर २०२४ रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्यातील परंपरागत प्रतिस्पर्धी क्लबांमध्ये फुटबॉलचा सामना खेळविण्यात आला. दोन्ही क्लबांनी प्रामुख्याने तरुण खेळाडूंना संधी दिली. निर्धारित वेळेत सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये ईस्ट बंगालने ३-२ असा विजय मिळविला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या हॉकी कर्णधाराच्या नावाच्या या मैदानावर त्या दिवशी चर्चा होती ती फुटबॉलची.

या सामन्याच्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला. लखनौसारख्या शहरात मधल्या फळीत खेळणाऱ्या गुणी मुलाने व्यावसायिक फुटबॉलपटू व्हायचे ठरविले, तर त्याच्यापुढे मार्ग कोणता? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुंबईत घडलेला एक मध्यरक्षक आणि पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षकपद मिळालेले खालिद जमील यांची कारकीर्द बरेच काही सांगून जाते.

मध्यरक्षकाचे काम काय?

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्या आघाडीपटूचे नाव सर्वांच्या लक्षात राहते आणि चूक झाली की गोलरक्षकाकडे बोट दाखविले जाते. मध्यरक्षकाचे काम या दोहोंच्या मधले आहे. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावून घेणे, तो सुरक्षित ठेवणे, योग्य वेळी आघाडीकडे पोहोचविणे आणि चेंडू गमावताच बचावासाठी मागे धावणे, ही कामे त्याला ९० मिनिटे अखंड करावी लागतात. वरच्या दर्जाच्या सामन्यात मध्यरक्षक साधारणपणे १० ते १२ किलोमीटर धावतो. त्यामुळे गुडघा, घोटा आणि मांडीचे स्नायू यांवर मोठा ताण पडतो.

या कामाची नोंद धावफलकावर क्वचितच होते. मात्र कधी कधी एखादा क्षण सारे चित्र बदलून टाकतो. २००८ च्या एएफसी चॅलेंज चषक स्पर्धेत हैदराबाद येथे अफगाणिस्तानविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीकडे झुकला असताना गोव्याचा मध्यरक्षक क्लायमॅक्स लॉरेन्स याने भरपाई वेळेत गोल केला. भारताने पुढे ही स्पर्धा जिंकली आणि १९८४ नंतर प्रथमच, २०११ मध्ये, आशिया चषकाच्या अंतिम फेरीत खेळण्याचा मान मिळविला.

मुंबईतील जडणघडण

खालिद जमील यांचा जन्म १९७७ मध्ये कुवेतमध्ये एका भारतीय कुटुंबात झाला. आखाती युद्धाच्या काळात हे कुटुंब भारतात आले आणि मुंबईत स्थिरावले. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली होती. पाठोपाठ १९९७ मध्ये जमील यांनी मुंबईतील महिंद्र संघातून व्यावसायिक कारकिर्दीस प्रारंभ केला. त्यानंतर ते एअर इंडियाकडे गेले व २००२ मध्ये पुन्हा महिंद्रकडे परतले. याच काळात त्यांनी भारतीय संघाचेही प्रतिनिधित्व केले.

त्या काळातील मुंबईच्या फुटबॉलचे वैशिष्ट्य येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. शहरातील प्रमुख संघ कंपन्यांचे व सार्वजनिक उपक्रमांचे होते. अशा संघात निवड झालेल्या खेळाडूला अनेकदा नोकरी किंवा नियमित मानधन मिळत असे. मैदानावरील यश मोठे नसले तरी घर चालण्याची सोय होई. मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबांतील मुलांना फुटबॉल हा व्यवसाय वाटू लागला, त्यामागे या व्यवस्थेचा मोठा वाटा होता.

महिंद्र युनायटेडने २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन चषक अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली. तथापि जमील यांना या वर्षांत दुखापतींनी सतावले. संघ यशाच्या शिखरावर असताना मैदानाबाहेर बसावे लागणे हा अनुभव कोणत्याही खेळाडूसाठी कठीण असतो. सर्वाधिक धावावे लागणाऱ्या मध्यरक्षकाच्या वाट्याला तो अधिक वेळा येतो. २००७ मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या मुंबई एफसी या क्लबमध्ये दाखल झाले आणि २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपुष्टात आली.

बूट उतरविल्यानंतर

निवृत्तीनंतर लगेचच त्यांच्याकडे मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद सोपविण्यात आले. मर्यादित साधने असलेल्या या संघाला त्यांनी २०१६ पर्यंत आय-लीगच्या पहिल्या श्रेणीत टिकवून ठेवले. विजेतेपदाचा मान त्यात नव्हता, परंतु दरवर्षी घसरगुंडी टाळणे हेही सोपे काम नव्हते. गोल न स्वीकारणे, मधल्या फळीत गर्दी करून प्रतिस्पर्ध्याच्या वाटा अडविणे आणि मिळालेल्या मोजक्या संधींचा लाभ उठविणे, ही त्यांच्या संघांची ओळख याच काळात तयार झाली.

२०१६-१७ च्या हंगामात ते मिझोरममधील ऐझॉल एफसीकडे गेले. आधीच्या हंगामात हा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्यातील धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या तीन संघांनी लीगमधून माघार घेतल्यानंतर ऐझॉलला पुन्हा स्थान मिळाले. सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान यांच्या जोडीला मुंबईचा मराठी मध्यरक्षक जयेश राणे या संघात होता. या मधल्या फळीच्या बळावर ऐझॉलने बलाढ्य संघांना मागे टाकले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे लाजाँगविरुद्ध अखेरच्या सामन्यात एक गुण आवश्यक होता. प्रारंभी पिछाडीवर पडलेल्या ऐझॉलने १-१ अशी बरोबरी साधली आणि मोहन बागानपेक्षा एक गुण अधिक मिळवून, ३७ गुणांसह, विजेतेपद निश्चित केले. राष्ट्रीय लीग जिंकणारा हा ईशान्य भारतातील पहिलाच क्लब ठरला.

यानंतर ईस्ट बंगाल व मोहन बागान येथे त्यांनी काम केले. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रे हंगामाच्या मध्यावर हाती घेऊन त्यांनी संघाला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेले आणि त्याच वर्षी ते या स्पर्धेतील पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. जमशेदपूर संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २०२४-२५ मध्ये लीगची उपांत्य फेरी आणि सुपर चषकाची अंतिम फेरी गाठली. तेथे त्यांचे सहायक होते मुंबईचेच माजी मध्यरक्षक स्टीव्हन डायस.

राष्ट्रीय संघाची जबाबदारी

१ ऑगस्ट २०२५ रोजी जमील यांची भारतीय पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. २०१२ नंतर प्रथमच हे पद पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षकाकडे आले. प्रारंभ आशादायक होता. मध्य आशियातील काफा नेशन्स चषक स्पर्धेत भारताने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे नमविले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानवर पेनल्टी शूटआऊटमध्ये मात केली.

पुढील महिने मात्र कठीण गेले. आशिया चषक पात्रता फेरीत आधीच्या दोन सामन्यांतून भारताच्या खाती केवळ एक गुण होता. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरमध्ये १-१ अशी बरोबरी मिळाली. पण १४ ऑक्टोबर रोजी मडगाव येथे सिंगापूरने भारताला २-१ असे पराभूत केले आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. १८ नोव्हेंबर रोजी ढाका येथे बांगलादेशकडूनही ०-१ असा पराभव पत्करावा लागला. राष्ट्रीय संघाचे दुखणे केवळ प्रशिक्षक बदलून बरे होणारे नाही, हे या निकालांनी स्पष्ट केले.

क्लबच बंद पडला तर?

जमील यांच्या वाटचालीतील संघांची यादी पाहिली असता एक बाब प्रकर्षाने जाणवते. महिंद्र युनायटेडचा संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला. एअर इंडिया २०१३ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडली. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेली आणि पुढे दिसेनाशी झाली. म्हणजे ज्या तीन संघांनी त्यांना खेळाडू म्हणून घडविले, त्यांपैकी एकही वरच्या पातळीवर उरला नाही. पंजाबातील जेसीटी २०११ मध्ये बंद झाला आणि गोव्यातील तीन क्लबांच्या माघारीचा उल्लेख वर आलाच आहे.

२०२५ मध्ये संकट थेट इंडियन सुपर लीगपर्यंत पोहोचले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील कराराची मुदत डिसेंबरमध्ये संपणार होती व नवा करार न झाल्याने हंगाम लांबणीवर पडला. काही क्लबांनी पहिल्या संघाचे कामकाज थांबविले. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ पासून १४ संघांची छोटेखानी लीग घेण्याचे जाहीर झाले. खेळाडूची उमेदीची वर्षे दहा-बारा असतात. त्यातील अर्धे वर्ष सामन्यांविना जाणे म्हणजे वेतन, तंदुरुस्ती आणि निवड या तिन्हींवर आघात होय.

लखनौसाठी अर्थ

लखनौमध्ये पैसा किंवा प्रेक्षक नाहीत, असे म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये आयपीएलच्या लखनौ संघासाठी आरपीएसजी समूहाने ७,०९० कोटी रुपयांची बोली लावली. हाच समूह मोहन बागानच्या फुटबॉल संघाचीही धुरा वाहतो. म्हणजे एका उद्योगसमूहाच्या छत्राखाली लखनौला क्रिकेट आणि कोलकात्याला फुटबॉल मिळाले. त्यामागे शंभरहून अधिक वर्षांची क्लब परंपरा आहे. ती एका सामन्याने निर्माण होत नाही.

उत्तर प्रदेशात बदलाची एक खूण वाराणसीत दिसली. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या इंटर काशी या क्लबला क्रीडा लवादाच्या जुलै २०२५ मधील निर्णयानंतर २०२४-२५ च्या आय-लीगचे विजेतेपद आणि वरच्या श्रेणीत प्रवेश मिळाला. परंतु या क्लबला आपले घरचे सामने प्रामुख्याने पश्चिम बंगालमधील कल्याणी येथे खेळावे लागले होते. क्लब आपला असूनही सामना आपल्या शहरात नाही, अशी ही स्थिती आहे.

मध्यरक्षक घडतो तो सामन्यांमुळे. नेमका पास कधी द्यावा आणि केव्हा थांबावे, हे फळ्यावर शिकविता येत नाही. वर्षाकाठी पुरेसे स्पर्धात्मक सामने खेळूनच ते अंगवळणी पडते. जमील यांना तरुणपणी ते मिळाले, कारण मुंबईत त्या काळी संघ होते, जिल्हा लीग होती आणि कूपरेजसारखे मैदान होते. लखनौच्या मुलाला आजही गुण सिद्ध करण्यासाठी बहुधा शहर सोडावे लागते. वर्षभर चालणारी शहर लीग, वेतन देऊ शकणारे स्थानिक संघ आणि सामन्यांसाठी उपलब्ध मैदान या तीन गोष्टी उभ्या राहिल्या, तरच २०२४ च्या त्या सामन्यातून काही साधले असे म्हणता येईल.