भोकर ते कोरिया, व्हाया लजपतनगर

कोरियन सिरियलचा हिरो भोकरच्या मोबाइलमध्ये कधीच येऊन बसलाय. त्याच्या देशाचं गाणं, खाणं, लिपी जगभर पोचवायला कोरियाचं सरकार स्वतः कंबर कसून उभं आहे. ही घ्या त्याची चटपटीत माहिती!

पत्ता टिपून ठेवा: दक्षिण कोरियाच्या संस्कृती मंत्रालयाचं भारतातलं केंद्र दिल्लीत, लजपतनगरला आहे. २०१२ साली सुरू झालं. भोकरहून नांदेड गाठा, सचखंड एक्स्प्रेस पकडा, नवी दिल्लीला उतरा, पुढे मेट्रो.

पहिला मान टोकियोला: ज्या जपानने कोरियावर १९१० ते १९४५ राज्य केलं, त्याच्याच राजधानीत कोरियाने १९७९ साली पहिलं केंद्र थाटलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कलाही. आज अशी तीसच्या वर केंद्रं आहेत.

चौकोन काढा, 'म' झाला: केंद्रात कोरियन भाषेचे वर्ग चालतात. लिपी राजा सेजोंगने १४४३ साली घडवली, आज वापरातली मूलाक्षरं फक्त २४. 'म' म्हणजे साधा चौकोन, कारण तो तोंडाचा आकार!

चारयोत! क्युंगन्ये! म्हणजे सावधान, नमस्कार. तायक्वांदोचे हे हुकूम कोरियनच. सन २००० पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळला जातो, आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांतही आहे. म्हणजे के-पॉप (कोरियन पॉप गाणी) ऐकायच्या आधीच आपली पोरं कोरियन हुकूम पाळत होती.

मिरची दोघांचीही उसनी: कोरियाची लालभडक किमची (आंबवलेली भाजी) आणि आपला ठेचा, दोन्हीतली मिरची मूळची अमेरिका खंडातली. ती येण्याआधीची किमची बिनमिरचीची!

मराठी जनरल कोरियात: १९५३-५४ मध्ये मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कोरियन युद्धातल्या सुमारे २३ हजार कैद्यांची राखण भारतीय फौजेने केली. तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. के-पॉप तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आपणही कमी नाही: परदेशाशी सांस्कृतिक संबंध जोडणारी आपली सरकारी परिषद १९५० सालची, मौलाना आझादांनी स्थापलेली. २०११ मध्ये तिने सेऊललाही भारतीय केंद्र उघडलं. योग, नृत्य ठीकच. पण मराठवाड्याची एकच मागणी: एखाद्या हिवाळ्यात तिथे हुरडा पार्टी होऊन जाऊ द्या. तीळ-शेंगदाण्याची चटणी आम्ही पाठवतो!