जालन्यात माणसं खरंच मिळत नाहीत का?

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलवाल्याशी बोला किंवा बियाणं कंपनीच्या व्यवस्थापकाशी, तक्रार एकच : माणसं मिळत नाहीत. तक्रार खरी आहे. तिची जी कारणं सांगितली जातात, त्यातली बरीचशी मात्र चुकीची आहेत.

सर्वांत रूढ समज म्हणजे ‘इथल्या पोरांना कष्ट नकोत’. याच जिल्ह्यातल्या मंठा, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. अंधारातच फडात उतरायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. कष्टाला भिणारी माणसं हे करत नाहीत. फरक आहे तो व्यवहारात. मुकादम घर सोडण्याआधी उचल हातात ठेवतो. त्या उचलीत माणूस पुढे अडकतो हेही खरं, पण दवाखाना, लग्न, दुकानाची उधारी त्यातूनच भागते. कारखान्यात पगार महिना भरल्यावर. तोवर खोलीभाडं, खाणावळ, गाडीचं पेट्रोल पदरचं. भट्टीत सोळाशे अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस असतो. तिथे उभं राहणारा पोरगा हातमोजे, बूट आणि अपघात झाला तर काय, हे विचारतो तेव्हा तो नखरे करत नसतो.

‘मग बाहेरचे आणू, ते कधीही मिळतात.’ टाळेबंदीत हा भरवसा उघडा पडला. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशचे, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते आणि गावी जाणारी रेल्वे मिळेल या आशेने भुसावळकडे पायी निघाले होते. ज्या माणसांवर भट्ट्या चालतात, त्यांच्या राहण्या-खाण्याची सोय अडचणीच्या काळात कोण करणार, हे भरतीच्या वेळीच ठरलेलं असायला हवं.

‘ठेकेदार नेमला, आपली जबाबदारी संपली.’ साफ चूक. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे.

‘शिकवलं की पोरगा शेंद्र्याच्या एमआयडीसीत जातो, मग शिकवायचं कशाला?’ काही जण जाणारच. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात पुढे झालेल्या बदलांनुसार ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि त्यांच्या विद्यावेतनाचा काही वाटा २०१६ पासून केंद्र सरकार उचलतं. शिकवून माणूस तयार करणं जालन्याला नवं नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणं कंपनी सुरू केली, ती शेतकऱ्यांना संकरित बीजोत्पादन शिकवतच वाढली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मुलाखतीबद्दल एकच सांगतो. फिटर हवा असेल तर त्याचं बोलणं ऐकण्यापेक्षा त्याला अर्धा तास यंत्रापाशी उभं करा आणि हात बघा.

मालकांना विनंती आहे : पुढच्या भरतीच्या जाहिरातीत ‘आकर्षक पगार’ लिहू नका. आकडा लिहा, पाळीचे तास लिहा, पीएफ आणि राहण्याची सोय आहे की नाही ते लिहा, आणि नव्या माणसाला पहिल्या पंधरवड्यातच काही रक्कम हातात द्या.