दाढ ठेवावी की काढावी?

दिवाळीच्या सुटीआधी पोलादपूरहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिक्षिका आहे. खालच्या जबड्यातली एक मोठी दाढ आठवडाभर ठणकत होती. महाडच्या एका दंतवैद्यांनी क्ष-किरण चित्र पाहून ‘काढून टाका’ असे सांगितले. पनवेलला भावाकडे गेली असता तिथल्या दंतवैद्यांनी तेच चित्र पाहून ‘काढू नका, रूट कॅनॉल करून कॅप बसवू’ असे सुचवले. तिचा प्रश्न साधा होता : “दादा, दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?”

बहुधा कोणीच नाही. पण एकाच दाढेबद्दल दोन जाणकार उलट मते कशी देतात हे कळले, तर निर्णय पुष्कळ सोपा होतो.

आधी दाढ आतून कशी असते ते पाहू. बाहेरचे इनॅमल हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली डेंटीन, आणि गाभ्यात रक्तवाहिन्या व चेतातंतू असलेला मऊ मगज. तोंडातले जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताचे खनिज विरघळते. यालाच आपण कीड म्हणतो. ती मगजापर्यंत पोचली की मगज सुजतो. पण सभोवार कठीण भिंती असल्याने सुजेला जागा मिळत नाही. म्हणून ठणका. पुढे मगज मरतो आणि ठणका थांबतो. मात्र ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असे नव्हे. जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडापर्यंत पोचू शकतो. अशा दाढेला सहसा दोनच वाटा उरतात : मगज काढून मुळांतल्या नळ्या स्वच्छ करून बुजवणे, म्हणजेच रूट कॅनॉल, किंवा दाढ काढणे.

मतभेद कुठे होतो?

मतभेदाच्या तीन जागा आहेत. पहिली, पाहण्यातली. क्ष-किरण चित्र म्हणजे सावली. त्रिमितीय दाढ एका सपाट फिल्मवर उतरते, तेव्हा मागचे-पुढचे एकावर एक येते. हाडातले सुमारे 30 ते 50 टक्के खनिज गेल्याशिवाय तिथे काळा डाग स्पष्ट दिसत नाही, असे मानले जाते. उभी बारीक चीर तर पुष्कळदा दिसतच नाही.

सावली वाचणाऱ्यांतही फरक पडतो. 1972 साली अमेरिकेत गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी रूट कॅनॉल झालेल्या 253 दातांची चित्रे सहा जाणकारांपुढे ठेवली. उपचार यशस्वी की अयशस्वी, एवढेच सांगायचे होते. निम्म्याहून कमी चित्रांबाबत सहाही जणांचे एकमत झाले. काही महिन्यांनी त्यांतल्या तिघांना तीच चित्रे पुन्हा दाखवली, तेव्हा ते स्वतःच्याच आधीच्या मताशी 72 ते 88 टक्के वेळाच जुळले.

शिक्षकांना याचे नवल वाटू नये. एकाच निबंधाच्या प्रती तीन शिक्षकांना वेगवेगळ्या तपासायला देऊन पाहा. महिन्याने त्याच प्रती पुन्हा द्या. गुणांतला फरक लबाडीचा नसतो, तो निरीक्षणाचा असतो.

दुसरी जागा भाकिताची. ही दाढ वाचवली तर किती वर्षे टिकेल? त्यासाठी काही गोष्टी मोजता येतात. हिरडीच्या वर सभोवार सुमारे 2 मिलिमीटर भक्कम दात उरला असेल तर कॅपला चांगली पकड मिळते. दात आणि हिरडी यांतली फट निरोगी तोंडात 1 ते 3 मिलिमीटर असते. ती फार खोल असेल, दाढ हलत असेल, तर आधाराचे हाड झिजलेले असण्याची शक्यता मोठी. मूळच उभे चिरले असेल तर बहुधा दाढ काढावीच लागते. मधल्या स्थितीत मात्र अंदाज आला, आणि अंदाज माणसागणिक बदलतो.

तिसरी जागा पसंतीची. रूट कॅनॉल आणि कॅप यांना खर्च जास्त, खेपाही जास्त. काढणे स्वस्त आणि लवकर आटोपते; पण चावण्याची एक जागा जाते, शेजारचे दात कलू शकतात, आणि खोटा दात बसवायचा तर त्याचा खर्च पुढे असतोच. यांतले काय महत्त्वाचे, हे रुग्णाने ठरवायचे. प्रत्यक्षात दंतवैद्य ते मनातल्या मनात गृहीत धरतात आणि निष्कर्ष तेवढा सांगतात.

परत न येणारी गोष्ट

1910 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी तोंडातल्या जंतुसंसर्गामुळे शरीरात इतरत्र रोग होतात, असे जोरदार भाषण केले. पुढच्या दोन-तीन दशकांत सांधेदुखीपासून मानसिक आजारांपर्यंत अनेक दुखण्यांवर उपाय म्हणून असंख्य दात काढले गेले. पुढे तो सिद्धांत त्या स्वरूपात टिकला नाही. काढलेले दात मात्र परत आले नाहीत. आज ठेवलेली दाढ उद्या काढता येते, पण आज काढलेली उद्या बसवता येत नाही. म्हणून पारडे समसमान असेल तर आधी वाचवण्याचा विचार करावा.

पण थांबण्यालाही मर्यादा आहे. गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळायला वा श्वास घ्यायला त्रास, यांपैकी काहीही दिसले तर मतांची तुलना करत बसू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

एरवी दोघांनाही तेच चार प्रश्न विचारावेत : तुम्हाला नेमके काय दिसले? दाढ ठेवली तर किती टिकेल असे वाटते, आणि कशावरून? काहीच केले नाही तर काय होईल? माझी कोणती अडचण तुम्ही धरून चालला आहात? तिसऱ्याकडे गेलात तर क्ष-किरण चित्र दाखवा, पण आधीच्यांची मते तपासणी होईपर्यंत सांगू नका. नाहीतर ते दाढ तपासण्याऐवजी मते तपासतील.

बहिणीने हे प्रश्न विचारले. दोघांनाही मगजापर्यंत गेलेली कीडच दिसली होती. दाढेच्या भिंती पुरेशा उरल्या आहेत, हेही दोघांना मान्य होते. महाडचे दंतवैद्य म्हणाले, “बाई, तुम्ही वाडीवरून येणार. दोन-तीन खेपा म्हणजे शाळेच्या तितक्या रजा. अर्धवट सोडलेलं रूट कॅनॉल वाईट, म्हणून काढा म्हटलं.” म्हणजे मतभेद दाढेबद्दल नव्हताच, तो एसटीच्या फेऱ्यांबद्दल होता!

“दिवाळीची सुटी आहे, मी येईन,” ती म्हणाली. त्यांनीच महाडला रूट कॅनॉल केले. दाढ दहा वर्षे टिकेल की पाच, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण निर्णय कशावर घेतला, हे आता तिला नेमके सांगता येते.