शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत. पण हप्ता कोणाच्या खात्यातून जातो ते आधी बघा

पोराच्या इंजिनिअरिंगसाठी, पोरीच्या नर्सिंगसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलेली घरं आता गावोगावी आहेत. 'या कर्जाच्या व्याजावर टॅक्स माफ होतो' असं अनेकांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच.

सवलत काय आहे?
आयकर कायद्यानुसार, बारावीनंतरच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचं वर्षभरात भरलेलं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होतं. रकमेला मर्यादा नाही. मुद्दलाला मात्र सूट नाही. हप्ता 12 हजारांचा आणि त्यात व्याज 7 हजार असेल, तर 7 हजारच धरायचे. सावकार किंवा नातेवाइकाकडून घेतलेले पैसे यात बसत नाहीत.

कोणाला मिळते?
कर्ज ज्याच्या नावावर आहे आणि जो स्वतःच्या करपात्र कमाईतून व्याज भरतो, त्याला. कर्ज स्वतःच्या, नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी हवं. भावाने बहिणीसाठी काढलं तर सूट नाही.

इथंच गावाकडं गफलत होते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यामुळं बापाची कमाई फक्त शेतीची असेल, तर त्याने कितीही व्याज भरलं तरी वजा कशातून करणार? पोरगा नोकरीला लागला की हप्ता त्याच्याच पगाराच्या खात्यातून जाऊ द्यावा. बाप शिक्षक किंवा एसटीत नोकरीला असेल, कर्जात त्याचंही नाव असेल आणि व्याज तो भरत असेल, तर सूट त्याला घेता येते.

किती वर्षं?
व्याज भरायला सुरुवात केली ते वर्ष धरून 8 वर्षं, किंवा व्याज फिटेपर्यंत. यातलं जे आधी होईल ते. शिक्षण चालू असतानाच व्याज भरायला लागलात, तर वर्षं तिथूनच मोजली जातात.

मोठी अट
ही सूट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. काही निवडलं नाही तर आपोआप नवी पद्धत लागते. समजा, पगार 10 लाख आणि वर्षाचं व्याज 90 हजार. दुसरी कुठली वजावट नसेल, तर 2025-26 च्या दराने जुन्या पद्धतीत व्याज वजा करूनही कर 87,880 रुपये होतो. नव्या पद्धतीत शून्य! कारण तिथं पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर लागत नाही. म्हणून 'व्याजाचा रिफंड काढून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी दोन्ही पद्धतींचा हिशोब मांडून मागा.

काय करायचं?
मार्च संपला की बँकेतून व्याजाचा दाखला घ्या. त्यात मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलेलं असावं. जुनी पद्धत फायद्याची निघाली, तर रिटर्न मुदतीच्या आत भरा. मुदत गेली की नवीच पद्धत लागते.