हाडांसाठी आलुबुखार: किती खरे, किती पुरेसे?

रोज पाच-सहा सुके आलुबुखार खाल्ले, तर पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज रोखता येते का? अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 235 स्त्रियांच्या सहभागाने वर्षभर हे तपासले आणि 2022 मध्ये निष्कर्ष मांडले.

एका गटाला आलुबुखार दिलेच नाहीत, दुसऱ्याला रोज 50 ग्रॅम, तिसऱ्याला 100 ग्रॅम. पहिल्या गटात खुब्याच्या हाडाची घनता सरासरी 1.1 टक्के घटली. 50 ग्रॅमवाल्या गटात फक्त 0.3 टक्के. मणक्यात मात्र फरक पडला नाही. 100 ग्रॅम म्हणजे दिवसाला दहा-बारा फळे. त्या गटातल्या 41 टक्के जणींनी प्रयोग अर्ध्यावर सोडला! आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या अभ्यासाला पैसा कॅलिफोर्नियातील आलुबुखार उत्पादकांच्या मंडळाने पुरवला होता.

हाड आयुष्यभर मोडत-घडत असते. अस्थिभक्षी पेशी जुने हाड विरघळवतात, अस्थिजनक पेशी नवे रचतात. पाळी थांबून इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाले की हा तोल ढळतो. शरीरात मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) वाढली तर अस्थिभक्षी पेशींना आणखी जोर चढतो. आलुबुखारातील पॉलिफेनॉल ही अँटिऑक्सिडंट्स या मूलकांना आवर घालत असावीत. पण त्याच फळात के जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि बोरॉनही असते. त्यामुळे सगळे श्रेय अँटिऑक्सिडंट्सना देता येत नाही.

मग फळांऐवजी जीवनसत्त्वांच्या गोळ्याच घेतल्या तर? इथे सावध राहायला हवे. अमेरिकेतील 72 हजारांहून अधिक परिचारिकांच्या 18 वर्षांच्या पाहणीत, आहार आणि गोळ्या मिळून रेटिनॉल स्वरूपातले अ जीवनसत्त्व भरपूर घेणाऱ्या स्त्रियांमध्ये खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण जास्त आढळले. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनबाबत तसा ठळक धोका दिसला नाही.

आपल्याकडे आवळा आणि पेरू सहज मिळतात. हाडाच्या सांगाड्यातले कोलॅजेन पक्के होण्यासाठी लागणारे क जीवनसत्त्व त्यांत मुबलक असते. तरी पाया कॅल्शियमचाच. पाळी थांबलेल्या स्त्रीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम सुचवले आहे. 100 ग्रॅम नाचणीतून साधारण 350 मिलिग्रॅम मिळते. बाकीचे दूध, दही, तीळ आणि पालेभाज्यांतून भरून काढावे लागते.

आलुबुखार परवडत असतील आणि मधुमेह नसेल तर जरूर खा. मात्र नाचणीची भाकरी, रोजचे चालणे आणि डॉक्टरांनी सांगितलेली हाडांच्या घनतेची तपासणी आलुबुखारांच्या भरवशावर सोडू नका.