मध्यस्थ होण्यासाठी राजदूत असावं लागत नाही

गणेशोत्सव, ईद किंवा जयंतीची मिरवणूक जवळ आली की जालना जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांत शांतता समितीची बैठक बसते. डॉक्टर, व्यापारी, मौलाना, मंडळांचे कार्यकर्ते, निवृत्त मुख्याध्यापक एकत्र येतात. मार्ग ठरतो, वेळ ठरते, कुरबुरी ऐकून घेतल्या जातात. हीच माणसं ‘आंतरराष्ट्रीय मध्यस्थी’ म्हटलं की हात वर करतात. ते काम न्यूयॉर्क-जिनिव्हाचं, बड्या इंग्रजीचं, आपल्याला त्यातलं काय कळणार, असं त्यांना वाटतं. घरातल्या मुलीनं शांतता आणि संघर्ष हा विषय शिकायचं ठरवलं, तर ‘आधी स्पर्धा परीक्षा दे’ असा सल्ला मिळतो. या क्षेत्राबद्दलचे गैरसमज इतके घट्ट आहेत की ते एकेक करून सोडवायला हवेत.

“हे राजदूतांचं आणि परराष्ट्र खात्याचं काम”

फिनलंडचे मार्टी अहतिसारी यांना २००८ साली शांततेचं नोबेल मिळालं. इंडोनेशियाचं सरकार आणि आचे प्रांतातले बंडखोर यांच्यात तीस वर्षं चाललेला संघर्ष १५ ऑगस्ट २००५ च्या हेलसिंकी कराराने मिटला, तो त्यांच्या मध्यस्थीतून. तोवर ते देशाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले होते, हे खरं. पण त्यांचं मूळ शिक्षण प्राथमिक शिक्षकाचं. लहानपणी युद्धामुळे त्यांच्या कुटुंबाला व्हीपुरी हे शहर सोडावं लागलं होतं, आणि तरुणपणी त्यांनी काही काळ कराचीत वायएमसीएच्या शारीरिक शिक्षणाच्या प्रशिक्षण केंद्रात काम केलं. आपल्याकडचा जिल्हा परिषदेचा शिक्षक ज्या पायरीवर उभा असतो, तिथूनच त्यांचीही सुरुवात झाली.

मोझांबिकचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथल्या सोळा वर्षांच्या यादवीत लाखो माणसं मेली. ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये जो करार झाला, तो घडवून आणला सांत एजिदियो या श्रद्धाळू नागरिकांच्या संघटनेनं. ही संघटना १९६८ साली रोममधल्या शाळकरी मुलांनी गोरगरिबांच्या सेवेसाठी सुरू केली होती. मध्यस्थांच्या चमूत एक इतिहासाचा प्राध्यापक, एक पाद्री, मोझांबिकचाच एक बिशप आणि एक इटालियन राजकारणी होता. त्यांच्या हाती ना सैन्य होतं, ना तिजोरी. दोन्ही बाजूंना त्यांची भीती वाटत नव्हती, म्हणूनच त्यांच्यापुढे बोलता आलं.

लायबेरियाच्या लेमा बोवी समाजसेविका होत्या, यादवीने होरपळलेल्या मुलांबरोबर काम करणाऱ्या. २००३ साली त्यांनी ख्रिस्ती आणि मुस्लिम बायकांना एकत्र आणलं. घानातल्या आक्रा इथल्या शांतता वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा या बायका सभागृहाच्या दारात ठाण मांडून बसल्या. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या आकडेवारीनुसार १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांत मध्यस्थांमध्ये बायकांचं प्रमाण सरासरी ६ टक्के होतं. इतका कमी आकडा पाहून बायकांना हे जमत नाही असा अर्थ काढणं चूक आहे. त्यांना वाटाघाटींच्या टेबलापाशी बसूच दिलं गेलं नाही, एवढंच त्यातून कळतं.

“मराठी माणसाचा याच्याशी संबंध आला कधी?”

या प्रश्नाचं उत्तर कोरियात सापडतं, आणि ते आपल्या शाळांत शिकवलं जात नाही याची मला खंत आहे.

२७ जुलै १९५३ ला कोरियातलं युद्ध थांबलं, तेव्हा सर्वांत मोठा गुंता युद्धकैद्यांचा होता. चीन आणि उत्तर कोरियाचे बावीस हजारांहून अधिक कैदी मायदेशी परतायला तयार नव्हते. पलीकडच्या बाजूलाही साडेतीनशेच्या वर असे कैदी होते. त्यांची खरी इच्छा काय, हे दबावाविना जाणून घेण्यासाठी पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्षपद भारताकडे, जनरल थिमय्यांकडे आलं. कैद्यांना सांभाळण्यासाठी सैन्य देणारा देश एकटा भारत. या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला. म्हणून त्यांना इंचॉन बंदरातून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. छावणीच्या सुरुवातीच्या दिवसांत कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला काटेरी तारांच्या आत ओढून नेलं. थोरात मोजके सहकारी घेऊन स्वतः त्या जमावात शिरले, बोलत राहिले, आणि गोळी न चालवता अधिकारी सुटला. प्रत्येक प्रसंग असा सुटला नाही. पुढे गोळीबारही झाला आणि त्यात काही कैदी मेले. दोन्ही महासत्तांच्या गोटांतून भारतावर पक्षपाताचे आरोप झाले. अखेर बहुतेक कैदी आपापल्या वाटेनं गेले, आणि कुठल्याच बाजूला जायला तयार नसलेले ८८ जण १९५४ साली भारतीय सैन्याबरोबर जहाजाने भारतात आले. एका शिपायाला इथे भांडणारे दोन्ही पक्ष, घाबरलेले कैदी आणि जगभरची वर्तमानपत्रं सांभाळून मधलं स्थान टिकवावं लागलं. मध्यस्थाची कसोटी याहून कठीण नसते.

शंकरराव देव हे दुसरं नाव. संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे हे अध्यक्ष. चीनशी युद्ध होऊन काही महिनेच झाले होते. १ मार्च १९६३ ला राजघाटावरून निघालेल्या दिल्ली-पेकिंग मैत्री यात्रेचं नेतृत्व त्यांनी केलं. त्यात भारतीयांबरोबर परदेशी शांतता कार्यकर्ते होते. देशात संताप धगधगत असताना ही यात्रा अनेकांना रुचली नाही, चीननेही दार उघडलं नाही, आणि यात्रा सीमेअलीकडेच संपली. ती फसली असं कुणी म्हणेल. मला त्यात धैर्य दिसतं.

आजच्या काळातलं नाव हवं असेल, तर लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर २०१९ पासून तीन वर्षं दक्षिण सुदानमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख होते. संदीप वासलेकर हे डोंबिवलीत वाढलेले अभ्यासक. त्यांच्या मुंबईतल्या स्ट्रॅटेजिक फोरसाइट ग्रुपने २०११ साली पश्चिम आशियातल्या नद्यांच्या पाण्यावरून देशांना एकत्र आणण्याची ‘ब्लू पीस’ ही मांडणी केली. पाणीवाटपाचं गणित जाणणारा माणूसही शांततेच्या कामात लागतो, हे जायकवाडीच्या पाण्यासाठी नाशिक-नगरच्या धरणांकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. जालना शहराचं पिण्याचं पाणी जायकवाडीतून येतं. वरच्या आणि खालच्या धरणांचा वाद न्यायालयं आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापर्यंत गेला. २०१३ च्या दुष्काळात तो किती कडवट होऊ शकतो, हे या जिल्ह्याने पाहिलं आहे.

“जालन्याचं नाव संयुक्त राष्ट्रांत कशाला निघेल?”

निघालं आहे, वेगळ्या नावाखाली. १९४८ साली जालना हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने भारताविरुद्धची तक्रार सुरक्षा परिषदेकडे नेली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषद हा विषय ऐकत होती, तेव्हा भारतीय सैन्याची ‘पोलीस कारवाई’ सुरू होऊन तीन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि काही दिवसांत तक्रार मागे घेत असल्याचं कळवलं.

त्या काळातली खरी शांततेची कामगिरी मात्र पॅरिसमध्ये झाली नाही. आधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या अत्याचारांत आणि नंतरच्या सुडाच्या हिंसाचारात मराठवाड्याची गावं विदीर्ण झाली होती. वर्षअखेरीस पंतप्रधान नेहरूंनी एक सद्भावना मंडळ पाठवलं: गांधीवादी लेखक पंडित सुंदरलाल, उर्दू संपादक काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून दोन्ही समाजांचं दुःख ऐकलं आणि नोंदवलं. त्यांचा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. तो वेळेवर लोकांपुढे यायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

“मध्यस्थ म्हणजे निवाडा देणारा, नाहीतर सरकारचा निरोप्या”

आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ इथे होतो. गावचा पंच ऐकतो आणि निकाल देतो. लवाद पुरावे पाहून निवाडा देतो, तो दोन्ही पक्षांना बांधतो. मध्यस्थाला असा अधिकारच नसतो. तो दोन्ही बाजूंना बोलतं करतो, एकेकाशी स्वतंत्रपणे बसतो, हट्टाच्या मागची गरज शोधतो. तडजोड लिहितात ती भांडणारी माणसं. पटली नाही, तर ती उठून जाऊ शकतात.

अंतरवाली सराटीकडे या नजरेनं पाहा. १ सप्टेंबर २०२३ च्या लाठीमारानंतर अंबड तालुक्यातलं हे गाव देशाला माहीत झालं. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांनी केलेल्या उपोषणाच्या वेळी मंत्री येऊन गेले, २ नोव्हेंबरला माजी न्यायमूर्ती सुनील शुक्रे आणि मारोती गायकवाड मंत्र्यांबरोबर आले. जून २०२४ मध्ये जवळच्या वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले. तिथेही मंत्री गेले. वृत्तवाहिन्या याला सर्रास मध्यस्थी म्हणत होत्या. ती सरकार आणि आंदोलक यांच्यातली बोलणी होती. सरकार स्वतः त्यातला एक पक्ष होतं. न्यायमूर्तींच्या येण्यानं कायद्याची बाजू समजावून सांगितली गेली, ते मोलाचंच. पण दोन्ही समाजांनी मिळून मान्य केलेला, दोघांनाही एका सतरंजीवर बसवणारा तिसरा माणूस तिथे नव्हता. काही किलोमीटरवरच्या दोन मंडपांमधला रस्ता चालून जाणारी माणसं गावात असतात: दोन्हीकडे पेशंट असलेला डॉक्टर, दोन्हीकडची मुलं शिकवणारी शिक्षिका, दोन्हीकडचा माल घेणारा आडत्या. त्यांना प्रशिक्षण आणि मान्यता मिळाली, तर जिल्ह्याला मंत्र्यांची वाट पाहावी लागणार नाही.

“वकिलाशिवाय हे होत नाही, आणि झालं तरी कागदाला किंमत नाही”

अर्धं खोटं, अर्धं समजून घेण्यासारखं. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात मध्यस्थ वकीलच असावा अशी अट नाही. पक्षांना हवा असेल तर कुठल्याही राष्ट्रीयत्वाचा माणूस मध्यस्थ होऊ शकतो, परदेशी असल्यास ठरवून दिलेली पात्रता लागते. कायद्याप्रमाणे झालेला, सह्या झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. १२० दिवसांत प्रक्रिया पूर्ण करायची, संमतीनं आणखी ६० दिवस. शेजार-मोहल्ल्याची शांतता बिघडवू शकणाऱ्या तंट्यांसाठी याच कायद्यात तीन जणांच्या मंडळाची सामुदायिक मध्यस्थी आहे. मात्र तिथला समझोता हुकूमनाम्यासारखा अमलात येत नाही, हा फरक लक्षात ठेवावा. कायद्याची सगळी कलमं एकदम लागू झालेली नाहीत, ९ ऑक्टोबर २०२३ ला त्यातली फक्त काही लागू झाली. म्हणून आपल्या प्रकरणाला कुठलं कलम लागतं हे आधी विचारावं.

आंतरराष्ट्रीय बाजूही जालन्याला परकी नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केल्यापासून इथलं बियाणं दूर जातं, आणि पोलाद कारखान्यांचे व्यवहारही जिल्ह्यापुरते राहिलेले नाहीत. सीमेपलीकडच्या व्यापारी वादांतल्या मध्यस्थीला मान्यता देणाऱ्या सिंगापूर करारावर भारताने ७ ऑगस्ट २०१९ ला सही केली आहे.

“स्वभाव गोड असला की पुरे”

नाही पुरत. न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या समितीनं ४० तासांचं प्रशिक्षण ठरवलं आहे. ऐकलेलं गुप्त ठेवणं, आपला कल दिसू न देणं, नातं किंवा हितसंबंध असेल तर बाजूला होणं हे शिकावं लागतं. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेनं हजारो साध्या माणसांना या कामात आणलं, हे तिचं मोठं यश. पण तंटामुक्त गावाला मिळणाऱ्या बक्षिसाच्या ओढीनं कुणावर, विशेषतः बायकांवर, मिटवून घेण्याचा दबाव येत असेल तर ती मध्यस्थी राहत नाही. घरातली मारहाण, अत्याचार, गंभीर गुन्हे हे तंटामुक्ती समितीपुढे मिटवण्याचे विषयच नाहीत.

ज्यांना हे काम करायचं आहे किंवा ज्यांचा वाद अडकला आहे, त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जालना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन चौकशी करावी. विधी सेवेचा देशभरचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.